मोल्टनच्या बॅप्टिस्ट मंडळीला एका नागपूरकरणीचे खुले पत्र

मोल्टन, नॉर्थम्प्टनशायर येथील बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक आणि सर्व सभासद यांस,

सा. न. वि. वि.

हे पत्र मी मराठीत लिहिते आहे आणि तुम्हाला मराठी येत नाही. इंग्रजी रूप माझी मुलगी करून देणार आहे. ती तुमच्या शेजारीच, नॉर्थम्प्टनमध्ये राहते. तरी आधी मराठीतच लिहायचे, असा माझा हट्ट होता. तुमच्या गावच्या एका जोडे शिवणाऱ्या पाळकाने, विल्यम केरीने, १८०५ मध्ये माझ्या भाषेचे व्याकरण छापले. त्यातले एक अक्षरही तेव्हा मोल्टनमध्ये कोणाला वाचता आले नसेल. आता थोडी गैरसोय उलट बाजूने सोसा, एवढीच विनंती. शिवाय पत्र खुले ठेवले आहे ते आमच्या मराठी माणसांनीही वाचावे म्हणून. त्यांच्यावरही माझा थोडा राग आहे, तो पुढे येईल.

मी नागपूरची. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. वडील महाल भागातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, खिळे, जुळवून मजकूर लावणारे. खिळे, केस, स्टिक, गॅली, फर्मा हे शब्द मी बाराखडीच्या आधी शिकले असेन. संध्याकाळी ते घरी आले की बोटांना शाईचा आणि रॉकेलचा वास यायचा. उलटी अक्षरे ते सुलट्याइतक्याच वेगाने वाचायचे, आणि मला वाटायचे की सगळ्यांच्याच वडिलांना तसे येते. त्यांनीच मला एकदा सांगितले होते की मराठीची पहिली पुस्तके खिळ्यांनी जुळवली गेली ती बंगालात, श्रीरामपूरला, एका साहेबाच्या देखरेखीखाली. (आमच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर, जिल्ह्यातले श्रीरामपूर ते नव्हे. हे हुगळीच्या काठचे, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असलेले गाव.) साहेबाचे नाव वडिलांना ठाऊक होते. साहेबाला मराठी शिकवणाऱ्या माणसाचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. तो माणूस आमच्या नागपूरकडचाच निघाला, पण हे मला कळले तेव्हा वडील राहिले नव्हते.

मागच्या उन्हाळ्यात मुलीकडे दोन महिने होते. एका मंगळवारी एकटीच बसने तुमच्या गावी आले. वेस्ट स्ट्रीटवर तुमचे चॅपल पाहिले, केरीचे छोटे घर पाहिले, दोन्ही बाहेरूनच, कारण दारे बंद होती. मातकट पिवळ्या दगडाच्या भिंती, खिडक्यांखाली फुलांच्या कुंड्या. रस्त्यावर उभी राहून मी खूप वेळ त्या भिंतीकडे बघत होते. एका आजोबांनी विचारले, काही हरवले आहे का? मी नाही म्हटले. खरे उत्तर लांबलचक होते आणि माझे इंग्रजी तोकडे. तेच उत्तर आता सविस्तर देते.

आधी नावाचे सांगून टाकते. आमच्या जुन्या पुस्तकांत तो ‘कॅरे’ असतो. तुम्ही ‘केरी’ म्हणता, म्हणून मीही केरीच म्हणेन. आणि त्याला एकेरीत संबोधते आहे याचा राग मानू नका. मराठीत राजाला अहोजाहो करतात आणि ज्ञानोबा-तुकोबांना अरेतुरे. जवळच्या माणसाला एकेरी, अशी आमची रीत आहे. पुढे येणाऱ्या पंडितालाही मी तसेच संबोधणार आहे. एकाला बहुवचन आणि दुसऱ्याला एकवचन, असे मी करणार नाही.

तुमच्या खेड्यापाड्यांतल्या चॅपलांचा वर्षातून एक वर्धापनाचा दिवस असतो, हे मी वाचले आहे. बाहेरून उपदेशक बोलवायचा, मुलांना नवे कपडे, खास बसवलेली गीते, मग सगळ्यांना चहा. आमच्या खेड्यात हरिनाम सप्ताहाचा शेवटचा दिवस असाच असतो, फक्त चहाच्या जागी काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद. त्या दिवशी गाव स्वतःची गोष्ट स्वतःला सांगते. म्हणूनच त्या गोष्टीत कोण येते आणि कोण राहून जाते, याला महत्त्व आहे.

तुमची गोष्ट तुम्हाला मी काय सांगणार? पण आमच्या वाचकांना ती ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगते. विल्यम केरी १७६१ मध्ये पॉलर्सपरी या खेड्यात जन्मला. बाप विणकर, पुढे गावचा शाळामास्तर. उन्हात काम केले की मुलाची कातडी सोलवटायची, म्हणून शेतीऐवजी त्याला जोडे शिवायला ठेवले. ५ ऑक्टोबर १७८३ ला नॉर्थम्प्टनजवळ नेन नदीत बुडी देऊन त्याचा बाप्तिस्मा झाला, कारण बॅप्टिस्टांचा आग्रहच असा की पाळण्यातल्या पोरावर पाणी शिंपडून कोणी ख्रिस्ती होत नाही. जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडाने कबुली देऊन पाण्यात उतरावे लागते. राजाच्या चर्चबाहेरची ही माणसे. त्यांना सरकारी पदे कायद्याने बंद होती आणि तो कायदा १८२८ पर्यंत टिकला. ऑक्सफर्डची दारेही त्यांना मिटलेलीच. अशा माणसांची तुमच्या गावातली मंडळी १७८५ मध्ये विस्कटलेली होती, चॅपल मोडकळीला आले होते. त्या वर्षी केरी तिथे आला, शाळा चालवू लागला, प्रवचने देऊ लागला, आणि शाळा धड चालेना म्हणून पुन्हा जोडेही शिवू लागला.

मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो केटरिंगचा गॉच नावाचा व्यापारी. केरी त्याच्यासाठी जोडे शिवून द्यायचा. गॉचने एकदा विचारले, की जोड्यांतून आठवड्याला तुला सुटतात किती? केरी म्हणाला, नऊ-दहा शिलिंग. गॉच म्हणाला, मग यापुढे माझे कातडे वाया घालवू नकोस. दहा शिलिंग मी असेच देत जाईन, तू तुझी लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिक. असा एक गॉच प्रत्येक तालुक्याला मिळाला असता तर आमच्या किती पोरांचे कल्याण झाले असते!

केरीच्या कामाच्या जागी भिंतीवर जगाचा नकाशा होता, कागदांचे ताव एकमेकांना चिकटवून हाताने काढलेला. कुठल्या देशात किती माणसे, त्यांचा धर्म कोणता, हे त्याने त्यावर लिहून ठेवले होते. मुलांना भूगोल शिकवायला कातड्याचे तुकडे शिवून पृथ्वीचा गोल केला होता, असेही सांगतात. मी तीस वर्षे मास्तरकी केली आहे. या कातडी गोलावर माझा लगेच विश्वास बसतो. पगार अपुरा असला की मास्तराच्या हाताशी असेल त्याचेच शैक्षणिक साहित्य होते.

१ ऑगस्ट १७८७ रोजी तुमच्या मंडळीने त्याला रीतसर पाळक नेमले. ऑलनीचा सटक्लिफ, केटरिंगचा फुलर, नॉर्थम्प्टनचा रायलंड हे शेजारचे पाळक त्या दिवशी हजर होते. दोन वर्षांनी तो लेस्टरला गेला. १७९२ मध्ये त्याची धर्मप्रसाराविषयीची ती प्रसिद्ध पुस्तिका निघाली, जिच्यात जगाची लोकसंख्या ७३ कोटी १० लाख धरून देशवार तक्ते दिले आहेत, आणि जिच्यात गुलामांच्या कष्टाची वेस्ट इंडीजची साखर सोडून ते पैसे धर्मकार्याला द्या असेही सांगितले आहे. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंगमध्ये एका विधवेच्या घरी चौदा माणसे बसली आणि त्यांनी १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स एवढ्या वर्गणीच्या आश्वासनावर बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी काढली. पुढच्या वर्षी केरी कलकत्त्याला उतरला. परत तो कधी आला नाही. ९ जून १८३४ ला श्रीरामपुरातच वारला.

आता थोडे अडचणीचे. १ ऑगस्ट २०३७ ला त्या नेमणुकीला अडीचशे वर्षे होतील. तुम्ही ते वर्ष नक्की साजरे कराल, करायलाच हवे. त्या दिवसाबद्दल माझी एक मागणी आहे. ती मागण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारील. मी तर ख्रिस्तीही नाही. आमच्याकडचे सगळे लोक अंधारात आहेत हे केरीचे मत मला मान्य नाही. तुकोबा ज्या भाषेत बोलले ती भाषा अंधारात होती असे मला कसे वाटेल? पण वडिलांनी आयुष्यभर ज्या खिळ्यांवर पोट भरले त्यांच्या वंशावळीत तुमचे चॅपल येते. घरच्या वंशावळीत चूक दिसली की माणूस दुरुस्ती सुचवतो, तेवढाच माझा अधिकार.

केरी मराठीशी आला तो धर्मामुळे जेवढा, तेवढाच लढाईमुळे. हे तुमच्याकडच्या कथनात मला कुठे नीट दिसले नाही. कंपनी सरकारच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवायला कलकत्त्यात १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. पुढच्या वर्षी केरी तिथे बंगाली शिकवायला लागला. १८०३ च्या सप्टेंबरात असईला शिंदे आणि भोसल्यांचा पराभव झाला. डिसेंबरात देवगावच्या तहाने नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी कटक गमावले. मराठी मुलूख इंग्रजांच्या हाती येऊ लागला तशी मराठी जाणणारे अधिकारी हवे झाले. १८०५ च्या व्याकरणाच्या मुखपृष्ठावर केरी फोर्ट विल्यम कॉलेजातला संस्कृत, बंगाली आणि मराठीचा शिक्षक म्हणून उभा आहे. महाराष्ट्रात त्याने कधी पाऊल टाकले नाही. मग तो मराठी शिकला कोणाकडून?

वैजनाथ शर्मा याच्याकडून. कॉलेजातला मुख्य मराठी पंडित तो. केरीने त्याचे ऋण छापील शब्दांत मान्य केले आहे, हे केरीच्या बाजूने आवर्जून सांगायला हवे. पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये आमचा वैजनाथ ‘विद्यूनाथ’ होऊन बसला, आणि पुढे चरित्रे लिहिणाऱ्यांच्या हातून तेवढाही उरला नाही. ‘केरीने चाळीसच्या आसपास भाषांत बायबल आणले’ हे वाक्य मी किती ठिकाणी वाचले! तीस वर्षे मुलांना एकच भाषा शिकवून दमलेली बाई म्हणून विचारते, एका माणसाला एवढ्या भाषा येतील कशा? बंगालीसाठी मृत्युंजय विद्यालंकार होता, रामराम बसू होता. मराठीसाठी वैजनाथ होता. केरी कष्टाळू होता यात शंकाच नाही, पण त्या चाळीस भाषांच्या मागे एक मोठी पंगत बसलेली होती, आणि चरित्रकारांनी फक्त यजमानाचा फोटो काढला.

१८०५ मध्ये व्याकरण आले आणि बायबलमधले मत्तयाचे शुभवर्तमान आले. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश निघाला, तोही मोडी खिळ्यांत. मोडी म्हणजे आमची घाईची लिपी, वळणावळणाची, हात न उचलता लिहायची. तिचे सुटे खिळे पाडायचे म्हणजे धावत्या माणसाला जागोजाग उभे करायचे! ते कसब पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर या बंगाली लोहारांच्या घराण्याचे. केरीला बोलता यायचे, लिहिता यायचे. पोलादाच्या टोकावर उलटे अक्षर कोरणे त्याच्या हातचे नव्हते. १८११ मध्ये बायबलचा नवा करार निघाला. आणि १८१४ ते १८१६ या दोन-तीन वर्षांत वैजनाथाच्या नावावर सिंहासनबत्तिशी, पंचतंत्र, हितोपदेश, प्रतापादित्याचे चरित्र अशी पुस्तके निघाली. त्याच सुमारास त्याच छापखान्यातून नागपूरच्या भोसल्यांची वंशावळही निघाली. ज्या राजाचा मुलूख गेला त्याची वंशावळ जिंकणाऱ्यांच्या कॉलेजसाठी छापली गेली. ते मुद्रण तपासताना वैजनाथाला काय वाटले असेल, हे मी अनेकदा मनात आणून पाहिले आहे. पगार घेणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी वाटून घ्यायची मुभा नसते. माझे वडीलही ज्यांच्याशी पटत नसे अशा पक्षांची पत्रके बिनबोभाट जुळवायचे.

कोणी म्हणेल, मराठी छापायला केरीच पहिला असे कुठे आहे? बरोबर आहे. गोव्यात जेझुइटांचा छापखाना १५५६ पासून होता आणि फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये निघाले, पण रोमन अक्षरांत. मराठीचे एक पोर्तुगीज व्याकरण १७७८ मध्ये रोमला छापले गेले. मिरजेच्या पटवर्धनांनी १८०५ मध्येच गीता छापवून घेतली होती, ती तांब्याच्या ठशांवरून. पण आपल्या लिपीचे सुटे खिळे जुळवून मराठी व्याकरण छापण्याचा मान श्रीरामपूरचाच. कंपोझिटरची मुलगी असल्याने मी तो कोणाला सहज सोडणार नाही.

आणि ते मराठी कसे होते? फार चांगले नव्हते. वैजनाथामुळे त्याला नागपुरी वळण आलेले, त्यात संस्कृतची फोडणी, वर वाक्यांना इंग्रजी-बंगालीचा ताण. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना ते भाषांतर चालेना. त्यांनी लोकांत फिरून, बोली ऐकून पुन्हा सुरुवात केली आणि १८२६ मध्ये स्वतःचा नवा करार काढला. पुढे पंडिता रमाबाईंना तोही पुरेसा सोपा वाटला नाही. त्यांनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल पुन्हा मराठीत आणले, आणि त्याचे खिळे जुळवले मुक्ती सदनातल्या बायकांनी. हे मला फार आवडते. कंपोझिटर म्हणजे पुरुष, असे मी लहानपणी समजून चालले होते. म्हणजे केरीचे काम टिकले नाही असे नव्हे. त्यावर इतक्या जणांनी खोडून-लिहून पाहिले, की ते वापरातले काम होते हे सिद्ध झाले.

आता जोड्यांची गोष्ट. गव्हर्नर जनरलच्या मेजवानीत एका सेनाधिकाऱ्याने केरीला ऐकू जाईल अशा आवाजात शेजाऱ्याला विचारले, हा पूर्वी जोडे बनवायचा ना? केरीने उत्तर दिले, नाही साहेब, मी नुसती ठिगळे लावायचो. तुमच्याकडे ही गोष्ट नम्रतेचा नमुना म्हणून सांगतात. मी ती वेगळी ऐकते. १७८७ मध्ये आमच्या पुण्यात पेशवाई होती. चामड्याला हात लावणाऱ्याला तिथे देवळाची पायरी चढता येत नव्हती, मग व्यासपीठ कुठले! संत रोहिदासांचे पद कीर्तनात गायचे, पण त्यांच्या जातीच्या माणसाला कीर्तनात मागे उभे करायचे, असा आमचा हिशेब. आणि त्याच काळात तुमच्या खेड्यातल्या गरीब मंडळीने कातडे शिवणाऱ्या माणसाला आपला धर्मोपदेशक केले. नंतर त्याच्या समोर नागपूरकडचा ब्राह्मण पंडित बसला आणि दोघांनी मिळून ‘करतो, करते, करतात’ची रूपे लावली. वैजनाथ घरी जाऊन स्नान करत असेल का? करत असेलही. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येऊन बसत होता. श्रीरामपुरात २८ डिसेंबर १८०० ला कृष्ण पाल नावाच्या सुताराचा हुगळीत बाप्तिस्मा झाला, त्यालाही मिशनच्या पंगतीत बसण्यासाठी जात सोडावी लागली. मोल्टनच्या चॅपलचा हा गुण मला खऱ्या अर्थाने मोठा वाटतो, आणि वर्धापनाला तो नकाशे नि भाषांच्या आकड्यांपेक्षा वरच्या पट्टीत सांगावा असे मला वाटते.

एका माणसाबद्दल मात्र मला तुमच्याशी भांडायचे आहे. तुमच्याच गावात राहिलेल्या, तुमच्याच मंडळीत १७८७ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या डॉरथीबद्दल. केरीशी तिचे लग्न झाले १७८१ मध्ये. नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली केली होती, कारण लिहिता येत नव्हते. नवऱ्याला जग दिसत होते, तिला पोरे आणि रिकामा डबा. हिंदुस्थानात यायला तिने साफ नकार दिला होता. बोट निघायला उशीर झाला, पुन्हा मनधरणी झाली, आणि बहीण सोबत येणार म्हटल्यावर ती कशीबशी तयार झाली. १७९४ मध्ये बंगालातल्या मदनाबाटीला त्यांचा पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला. त्यानंतर तिचे मन जे ढासळले ते सावरले नाही. ८ डिसेंबर १८०७ ला ती गेली. शेजारच्या खोलीत बायको आक्रोश करते आहे आणि केरी शांतपणे भाषांतर करतो आहे, असे वर्णन त्याच्या सहकाऱ्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे. ते केरीच्या धीराचे कौतुक म्हणून सांगतात.

तारखा जुळवून पाहा. आमचे १८०५ चे व्याकरण, १८०५ चा मत्तय, दोन्ही त्याच वर्षांतले. म्हणजे मराठीची ती पहिली पाने तयार होत असताना त्या घरात ती होती. तिला मराठीशी काय देणेघेणे! तिला तर नॉर्थम्प्टनशायरच्या बाहेरच जायचे नव्हते. पण आमच्या भाषेच्या छापील पुस्तकांची किंमत कोणी मोजली याची यादी केली तर तिचे नाव केरीच्याही आधी येईल. केरी वाईट नवरा होता असा निकाल मी देत नाही. त्या काळात वेडाला औषध नव्हते, आणि त्याने तिला टाकले नाही. पण ‘बिचारी साथ देऊ शकली नाही’ एवढ्यावर तिची बोळवण करू नये. आमच्याकडे संतांच्या बायकांचेही असेच झाले. तुकोबांची आवली कजाग म्हणून कीर्तनात लोक हसतात. घरात दाणा नसताना भंडाऱ्यावर भाकरी घेऊन जाणारी तीच होती, हे फार उशिरा कोणाच्या लक्षात आले.

एवढे सांगून झाल्यावर माझी मागणी अगदी लहान वाटेल. २०३७ च्या त्या उपासनेत, जिथे केरीचे आणि त्याच्या मित्रांचे नाव घेतले जाईल, तिथे वैजनाथ शर्मा आणि डॉरथी केरी ही दोन नावेही मोठ्याने घ्यावीत. प्रवचन नको, नुसती नावे चालतील. शिवाय चॅपलच्या किंवा घराच्या एखाद्या भिंतीवर हातभर जागा द्यावी. तिच्यात वैजनाथाचे नाव दोनदा असावे, एकदा देवनागरीत आणि एकदा मोडीत. मोल्टनच्या लोकांना ते वाचता येणार नाही, आणि तेच मला हवे आहे. रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या पोराने विचारावे, ही कुठली अक्षरे? मग कोणीतरी त्याला सांगेल.

मराठी वाचकहो, तुम्हीही ऐका. मी तीस वर्षे मराठी शिकवली आणि वैजनाथाचे नाव वर्गात एकदाही घेतले नाही, कारण मला ठाऊकच नव्हते. माझ्या शाळेच्या पुस्तकात मला तो कधी भेटला नाही. दादोबा पांडुरंग ‘मराठी भाषेचे पाणिनी’ म्हणून पाठ केले, मोल्सवर्थचा कोश १८३१ चा म्हणून पाठ केला, १८०५ मात्र एका ओळीत, तीही साहेबाच्या नावे. परक्यांकडे आपल्या माणसाचे नाव मागायला निघाले आहे आणि आपल्याच गावात त्याच्या नावाची गल्लीसुद्धा मला सापडली नाही. नागपुरातल्या वाचकांपैकी कोणाला भोसल्यांच्या काळातल्या शर्मा घराण्याची काही कागदपत्रे ठाऊक असतील तर मला कळवा. घरातली जुनी मोडी दप्तरे रद्दीत देण्याआधी एकदा कोणाला तरी वाचायला द्या.

मोल्टनकरांनो, आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. केरी कलकत्त्यात होता. कागद गेला, हस्तलिखिते गेली, खिळे वितळून शिशाचे गोळे झाले. पण राख उपसल्यावर अक्षरे कोरलेले पोलादी पंच शाबूत सापडले, आणि त्याच वितळलेल्या शिशातून त्यांनी काही आठवड्यांत पुन्हा खिळे ओतायला घेतले. वडिलांचा छापखाना बंद झाला तेव्हा आमचे खिळेही मालकाने किलोने विकले. ते आता कुठे ओतले गेले असतील कोण जाणे, बहुधा बॅटरीत.

एक गोष्ट मात्र मी घरी आणली होती, वडिलांची स्टिक, म्हणजे खिळे ओळीत जुळवायची पट्टी. पितळेची, अंगठ्याने झिजून एका बाजूला पातळ झालेली. तिच्यात ‘वैजनाथ शर्मा, नागपूर’ एवढी ओळ आरामात बसते, मी मोजून पाहिले आहे. जुन्या छापखान्यांतून मी खिळे शोधते आहे. ‘र्मा’वरचा रफार तेवढा अजून मिळालेला नाही. मिळाला की ओळ मीच जुळवीन, सुतळीने बांधीन आणि मुलीच्या हाती तुमच्याकडे पाठवीन. १ ऑगस्ट २०३७ ला शनिवार येतो. शाई आणि कागदाची सोय तुमच्याकडे असावी.

आपली,
एका कंपोझिटरची मुलगी,
महाल, नागपूर